रेशीम अळीत रक्त कुठे बनतं? कापांमध्ये रक्तजनक अवयव कसा ओळखायचा

प्रश्न असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुतीवरच्या रेशीम अळीचे, म्हणजे बॉम्बिक्स मोरीचे, पाचव्या अवस्थेतले आडवे काप घेतले आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगजोडीनं रंगवले. पोटाच्या खंडांमध्ये पृष्ठीय वाहिनीच्या, म्हणजे पाठीखालून जाणाऱ्या हृदयनळीच्या, दोन्ही बाजूंना मोठ्या पेशींचे पुंजके दिसले. ड्रॉसोफिलाच्या, म्हणजे फळमाशीच्या, अळीत रक्तपेशी बनवणारी रक्तजनक ग्रंथी याच वाहिनीला लागून असते असं वाचलेलं होतं, म्हणून या पुंजक्यांना ‘रक्तजनक ऊतक’ असं नाव दिलं. मार्गदर्शकांनी ते खोडलं. मग रेशीम अळीत रक्त नेमकं कुठे बनतं आणि ते कापात ओळखायचं कसं?

मार्गदर्शकांनी खोडलं ते बरोबर आहे. तुम्ही पाहिलेल्या पेशी परिहृदय पेशी आहेत. त्यांचा रक्तपेशी तयार करण्याशी संबंध नाही. हिमोलिंफमधले, म्हणजे कीटकाच्या रक्तातले, विरघळलेले मोठे रेणू शोषून घेऊन रक्त गाळणं हे त्यांचं काम. पण तुमची गल्लत समजण्यासारखी आहे, कारण पाठ्यपुस्तकांत ‘कीटकांची रक्तजनक ग्रंथी’ म्हणून जे चित्र छापतात ते बहुतेक वेळा एकट्या ड्रॉसोफिलाचं असतं, आणि विद्यार्थी ते सगळ्या कीटकांना लावतात.

माझं सांगणं एवढंच आहे की कीटकांत हे ऊतक शोधताना पेशीच्या तोंडवळ्यापासून सुरुवात करू नका. एकटीदुकटी पूर्वज रक्तपेशी आणि वाढणाऱ्या कुठल्याही ऊतकातली तरुण पेशी साध्या रंगात जवळजवळ सारख्याच दिसतात. आधी तो पुंजका कशाला टेकून आहे ते पाहा. मग त्याच्याभोवती आवरण आहे का ते पाहा. आणि आतल्या पेशी दाटीपासून मोकळ्या भागाकडे जाताना बदलत जातात का, हे शेवटी पाहा. या तीन गोष्टी जुळल्या तरच ‘रक्तजनक’ हा शब्द लिहा.

पत्त्यापासून सुरू करतो, कारण गाडी तिथेच अडलेली आहे.

रेशीम अळीत, आणि एकूणच पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांत, रक्तजनक अवयव छातीत असतात. ते चार असतात: मध्यवक्षात, म्हणजे छातीच्या मधल्या खंडात, एक जोडी आणि पश्चवक्षात, म्हणजे मागच्या खंडात, एक जोडी. प्रत्येक अवयव पुढे ज्यातून पंख तयार होणार त्या विंग डिस्कला लगटून असतो. म्हणजे तुम्ही पोटाच्या खंडांचे कितीही काप घेतले असते तरी हा अवयव हाती लागला नसता. बाहेरून जागा ओळखायची खूण सोपी आहे. अळी आडवी धरा आणि बाजूची श्वासरंध्रं पाहा. डोक्यामागचं पहिलं श्वासरंध्र अग्रवक्षावर, म्हणजे छातीच्या पहिल्या खंडावर, असतं आणि त्यानंतरचं थेट पोटाच्या पहिल्या खंडावर. मधले जे दोन खंड श्वासरंध्राविना जातात, तेच मध्यवक्ष आणि पश्चवक्ष. त्या दोन खंडांच्या बाजूच्या भिंतीला, त्वचेच्या आतल्या अंगाला, मेदपिंडात, म्हणजे चरबी साठवणाऱ्या ऊतकात, आणि श्वासनलिकांच्या फांद्यांत अर्धवट दडलेली विंग डिस्क सापडेल.

अळी उघडताना चीर कुठे द्यायची हेही यावरून ठरतं. पृष्ठीय वाहिनी पाहायची असेल तर पोटाच्या बाजूनं कापावं लागतं, नाहीतर पहिल्याच चिरेत वाहिनी तुटते. विंग डिस्क बाजूला असल्यामुळे पाठीवरून कापलं तरी चालतं. पण पिना लावताना भिंत फार ताणू नका. डिस्क आणि रक्तजनक अवयव यांना जोडणारा पडदा अतिशय नाजूक असतो. तो फाटला की अवयव मेदपिंडाच्या तुकड्यांबरोबर वाहून जातो आणि डिस्क तेवढी एकटी उरते. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, मागे काळी पार्श्वभूमी ठेवून, सलाइनमध्ये पाहिलं तर मेदपिंड दुधी पांढरा दिसतो, श्वासनलिका आतल्या हवेमुळे चंदेरी चमकतात, आणि रक्तजनक अवयव अर्धपारदर्शक, किंचित दाणेदार असा डिस्कच्या कडेला दिसतो. मेदपिंड चिमट्यानं ओढून काढण्यापेक्षा ड्रॉपरनं सलाइनचा हलका झोत मारून बाजूला करा.

आता कापात काय दिसतं ते. या अवयवाची बांधणी बेटांची आहे. पेशींचे लहान लहान समूह असतात आणि प्रत्येक समूहाभोवती पेशीविरहित आवरण असतं, म्हणजे आधारपटलाचा पातळ थर. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अभ्यास करणाऱ्यांनी या बेटांचे दोन प्रकार सांगितले आहेत, दाट बेटं आणि सैल बेटं. दाट बेटात प्रोहिमोसाइट, म्हणजे पूर्वज रक्तपेशी, एकमेकींना खेटून असतात, इतक्या की गोल पेशींच्या कडा दाबानं बहुकोनी होतात. केंद्रक पेशीचा बहुतेक भाग व्यापतं, भोवती पेशीद्रवाची अरुंद कड राहते आणि ती हिमॅटॉक्सिलिननं निळसर होते, कारण तिच्यात रायबोसोम खच्चून भरलेले असतात. केंद्रकातला गडद ठिपका, म्हणजे केंद्रिका, ठळक दिसते. विभाजन चालू असलेल्या पेशी इथेच जास्त सापडतात. सैल बेटात पेशींमध्ये फटी पडलेल्या असतात, केंद्रकाच्या मानानं पेशीद्रव वाढलेला असतो, तो आता तितका निळा राहत नाही, आणि काही पेशी लांबट होऊ लागलेल्या दिसतात. आवरणाला एखाद्या ठिकाणी खंड पडलेला दिसला आणि तिथून पेशी बाहेर येताना दिसल्या तर तो काप जपून ठेवा. अवयवातून पेशी हिमोलिंफमध्ये कशा उतरतात याचा तो तुमच्या हातातला सगळ्यात चांगला पुरावा आहे.

इथे एक अडचण येते. शेजारची विंग डिस्कही गडद निळीच दिसते. तिच्याही पेशी तरुण, दाट आणि विभाजन करणाऱ्या असतात. कमी मोठेपणावर पाहिलं तर दोन्ही एकच ऊतक वाटतात आणि कित्येक प्रबंधांत डिस्कच्या घडीलाच रक्तजनक बेट म्हटलेलं मी पाहिलं आहे. फरक असा करायचा: डिस्क हे अधिस्तर, म्हणजे पेशींच्या सलग थराचं, ऊतक आहे. तिच्या पेशी उंच, स्तंभाकार, रांगेनं उभ्या असतात. केंद्रकं वरखाली असली तरी सगळ्या पेशींचं एक टोक आधारपटलाकडे आणि दुसरं पोकळीकडे असतं. घडी कितीही गुंतागुंतीची असली तरी बोटानं तिची रेघ गिरवता येते. रक्तजनक बेटातल्या पेशींना असा वर-खाल नसतो, त्या कुठल्याही दिशेनं तोंड करून बसलेल्या असतात. शंका राहिली तर मालिकेतले पुढचे-मागचे काप पाहा. डिस्कची घडी एका कापात बेटासारखी दिसली तरी पुढच्या काही कापांत मूळ पदराला जाऊन मिळते. बेट वेगळंच राहतं. म्हणूनच एकेक सुटा काप घेऊ नका, मालिका घ्या आणि स्लाइडवर क्रमांक घालताना आळस करू नका.

आवरण स्पष्ट दिसण्यासाठी हिमॅटॉक्सिलिन-इओसिन पुरेसं नाही. शेजारच्या काही स्लाइडी पर्आयोडिक ॲसिड-शिफ, म्हणजे पी.ए.एस. पद्धतीनं रंगवा. आधारपटलातली शर्करायुक्त प्रथिनं किरमिजी गुलाबी होतात आणि बेटाभोवतीची रेघ एकदम उठून दिसते. मेदपिंडातला ग्लायकोजनही याच रंगात येतो, त्यामुळे सगळं चित्र गुलाबी दिसलं तर घाबरू नका. शेजारचा काप आधी डायस्टेज या विकरानं हाताळून मग रंगवला की ग्लायकोजन निघून जातो आणि पटलाची रेघ राहते.

आता परिहृदय पेशींचा मुद्दा नीट संपवू, कारण मौखिक परीक्षेत तोच विचारला जाईल. या पेशी आकारानं मोठ्या असतात, पेशीद्रवात पोकळ्या आणि दाणे असतात आणि पुष्कळ कीटकांत एका पेशीत दोन केंद्रकं आढळतात. विभाजन चालू असलेली पेशी त्यांच्यात सापडत नाही. रक्तजनक ऊतकात नेमकं उलट असतं: पेशी लहान, केंद्रक एक, विभाजन भरपूर. जिवंत अळीवर करायची एक जुनी, साधी कसोटीही आहे. ट्रिपॅन ब्लूसारखा विरघळणारा रंग टोचला की तो परिहृदय पेशी उचलतात. शाईचे घन कण टोचले तर ते भक्षक पेशी गिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोवालेव्हस्की आणि क्युएनो या प्राणिशास्त्रज्ञांनी असेच रंग आणि कण टोचून कीटकांच्या शरीरात कोण काय उचलतं याचा नकाशा तयार केला होता. क्युएनोंना रातकिड्यांमध्ये कण गिळणारे ‘भक्षक अवयव’ दिसले. पुढे तेच अवयव रक्तजनकही आहेत हे लक्षात आलं. मला ही पद्धत आजही आवडते, कारण तिला महागडं प्रतिपिंड लागत नाही आणि उत्तर डोळ्यांना दिसतं.

आणखी दोन तोतये सांगून ठेवतो. पोटाच्या खंडांत त्वचेलगत, श्वासरंध्रांच्या जवळ ज्या मोठाल्या पेशींचे गट दिसतात त्या ईनोसाइट. नाव जवळचं असलं तरी रक्तातल्या ईनोसायटॉइडशी त्यांचं नातं नाही. त्या बाह्यत्वचेतून येतात आणि क्युटिकलवरच्या हायड्रोकार्बनसारख्या पदार्थांशी त्यांचा संबंध आहे. दुसरं म्हणजे रेशीम ग्रंथी. तिच्या पेशी प्रचंड असतात आणि केंद्रक फांद्या फुटल्यासारखं वेडंवाकडं पसरलेलं असतं. पातळ कापात त्या केंद्रकाचे तुकडे सुटे सुटे दिसतात आणि नवख्याला वाटतं की इथे पुष्कळ लहान पेशी आहेत.

आता ड्रॉसोफिलाकडे, कारण तुमच्या डोक्यात ते चित्र आहे आणि ते चित्र खरोखर सुंदर आहे. तिथे ग्रंथी मेंदूच्या लगेच मागे, पृष्ठीय वाहिनीच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी लागून असते. पुढे प्राथमिक खंडांची मोठी जोडी, मागे लहान होत जाणाऱ्या दुय्यम आणि त्यामागच्या जोड्या, आणि मधल्या जागांत परिहृदय पेशी. म्हणजे ज्या पेशींनी तुम्हाला चकवलं त्या तिथेही रक्तजनक खंडांच्या शेजारीच असतात. भ्रूणावस्था संपताना प्राथमिक खंडात जेमतेम 20 पेशी असतात. तिसऱ्या अवस्थेच्या शेवटी त्यांची संख्या हजारांत जाते.

2005 साली उत्पल बॅनर्जी यांच्या लॉस एंजेलिसमधल्या गटानं प्राथमिक खंडाचे तीन विभाग स्पष्ट मांडले. वाहिनीकडच्या आतल्या बाजूला मज्जा विभाग असतो. तिथे पूर्वज पेशी घट्ट बांधलेल्या असतात आणि त्यांच्यात ई-कॅडहेरिन हे पेशींना चिकटवून ठेवणारं प्रथिन भरपूर असतं. बाहेरच्या बाजूला बाह्यक विभाग असतो. तिथे पेशी मोकळ्या, दाणेदार आणि परिपक्व. आणि मागच्या टोकाला साधारण 30 ते 40 पेशींचा लहानसा गट असतो, ज्याला पश्च संकेत केंद्र म्हणतात. कोलिअर आणि अँटेनापीडिया ही प्रथिनं या केंद्राची ओळख आहेत. हे केंद्र स्वतः रक्तपेशी बनवत नाही. ते हेजहॉगसारखे संकेत पाठवून पूर्वज पेशींना पूर्वज अवस्थेत राखतं. आपल्या अस्थिमज्जेतही मूळ पेशींना सांभाळणारा शेजार असतो. तोच प्रकार एका माशीच्या अळीत, मिलिमीटरच्या अगदी लहान अंशात मावलेला पाहताना आजही मी स्लाइडवरून डोळा काढत नाही.

2020च्या सुमारास एकेका पेशीतला आरएनए वाचण्याची पद्धत या ग्रंथीवर वापरली गेली आणि या तीन विभागांच्या मध्ये अनेक मधल्या पायऱ्या असल्याचं दिसलं. म्हणून आज मज्जा आणि बाह्यक यांच्यात कडक रेघ ओढू नये. रेघ आपल्या आकृतीत असते, ऊतकात पेशी एकीकडून दुसरीकडे हळूहळू बदलत जातात.

ड्रॉसोफिलाबद्दलची एक गोष्ट तुमच्या कामाला थेट उपयोगी आहे. निरोगी अळीच्या रक्तात ज्या पेशी फिरत असतात त्या या ग्रंथीतून आलेल्या नसतात. त्या भ्रूणाच्या डोक्याकडच्या मध्यस्तरातून आलेल्या असतात. नंतर त्या अळीच्या त्वचेखाली प्रत्येक खंडातल्या छोट्या कप्प्यांत बसून तिथेच वाढत राहतात. ग्रंथी आपल्या पेशी राखून ठेवते आणि कोषावस्था सुरू होताना फुटून त्या मोकळ्या करते. लेप्टोपिलिना या परजीवी गांधीलमाशीनं अळीत अंडं घातलं तर मात्र ग्रंथी वेळेआधीच फुटते आणि एरवी न दिसणाऱ्या मोठ्या चपट्या लॅमेलोसाइट पेशी तयार होतात. त्या अंड्याला वेढून कोंडतात. तेव्हा रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला पातळ थर, पाहून ‘ग्रंथीत हे बनतं’ असं म्हणता येत नाही. स्मिअर आणि काप हे दोन वेगळे पुरावे आहेत.

रेशीम अळीतही हेच धोरण ठेवा. तिच्या रक्तात पाच प्रकारच्या पेशी मानतात: प्रोहिमोसाइट, प्लाझ्मॅटोसाइट, ग्रॅन्युलोसाइट, स्फेरुलोसाइट आणि ईनोसायटॉइड. स्फेरुलोसाइट ओळखायला सगळ्यात सोपी, मोठ्या गोलकांनी फुगलेली, बरोबर तुतीच्या फळासारखी. ईनोसायटॉइड मोठी, गोल, लहान केंद्रक एका बाजूला सरकलेलं, आणि तिच्यातच रक्त काळं करणाऱ्या प्रोफिनॉलऑक्सिडेज विकराचा साठा असतो. आता या पाचही पेशी छातीतल्या त्या चार अवयवांत बनतात का? 2010 साली जपानी संशोधकांनी अवयव बाहेर काढून संवर्धनात ठेवले आणि त्यांतून काय बाहेर पडतं ते पाहिलं. मुख्यतः प्लाझ्मॅटोसाइट आणि ईनोसायटॉइड मिळाल्या. ग्रॅन्युलोसाइट आणि स्फेरुलोसाइट यांचं मूळ भ्रूणात आहे आणि त्या रक्तातच वाढत राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून तुमच्या कापात स्फेरुलोसाइट दिसल्या नाहीत तर रंगाला दोष देऊ नका. त्या तिथे नसणं हेच अपेक्षित आहे.

टोळ आणि रातकिडे यांचाही थोडक्यात उल्लेख करतो, कारण तुलनेसाठी त्यांच्याइतका चांगला विषय नाही. स्ट्रासबुर्गमध्ये जूल्स हॉफमान यांनी 1970च्या आसपास लोकस्टा टोळ आणि ग्रिलस रातकिडा यांच्या रक्तजनक ऊतकांचा सूक्ष्म अभ्यास केला. दोन्हींत हे ऊतक पोटाच्या पुढच्या खंडांत, पृष्ठीय वाहिनीला लागून आहे. पण टोळात ते विस्कळित साठ्यांच्या रूपात आहे, निश्चित आकार नाही. रातकिड्यात मात्र पोटाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडात जोडीजोडीनं खरे अवयव आहेत आणि त्यांची आतली पोकळी वाहिनीत उघडते. दोन्हीकडे जाळीदार पेशींचा आधार असतो आणि त्या जाळ्यात रक्तपेशींचे गट वाढतात. हॉफमान यांनी टोळांच्या या भागावर क्ष-किरण सोडले तेव्हा रक्तपेशी घटल्या आणि टोळ जंतुसंसर्गानं मरू लागले. कीटकांच्या प्रतिकारशक्तीचा त्यांचा पुढचा प्रवास, ज्यासाठी 2011चं नोबेल मिळालं, तो अशा जुन्या पद्धतीच्या शरीररचनेच्या कामातून सुरू झाला आहे. काप घेणं, रंगवणं म्हणजे जुनाट काम असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देतो.

डासांच्या अळ्यांत तर असा वेगळा अवयव माहीतच नाही. रक्तपेशी फिरता फिरता विभागतात, आणि संसर्ग झाला की हृदयाच्या छिद्रांभोवती गोळा होतात. त्या गोळ्याला पाहून कुणी रक्तजनक अवयव म्हणेल, पण त्याला आवरण नाही आणि आत दाट-सैल असा क्रमही नाही. वरची तीन मापं इथेच उपयोगी पडतात.

प्रौढ माशीत नवीन रक्तपेशी बनतात का, यावर अजून वाद आहे. मोहालीच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या लोलितिका मंडल यांच्या गटानं 2015 साली प्रौढ ड्रॉसोफिलाच्या पोटात, पाठीच्या बाजूला, रक्तपेशी बनवणारी ठिकाणं दाखवली. 2019 साली दुसऱ्या गटानं प्रौढात नवनिर्मिती होत नाही, फक्त आधीच्या पेशींचा साठा वापरला जातो, असं मांडलं. तुमचा प्रकल्प अळीवर आहे, तेव्हा या वादात शिरू नका, पण प्रस्तावनेत ‘प्रौढातही बनतं’ किंवा ‘बनत नाही’ असं ठाम वाक्य लिहू नका.

आता प्रत्यक्ष कामाचं. चौथी अवस्था किंवा पाचवीचे पहिले दोन-तीन दिवस निवडा. नुकतीच कात टाकलेल्या अळीचं क्युटिकल मऊ असतं आणि सुरीखाली फाटत नाही. कोष विणायला लागलेली अळी घेऊ नका, तोवर डिस्क वेगानं बदलू लागलेली असते आणि रक्तजनक अवयवही पहिल्यासारखा राहत नाही. सगळ्या अळ्या एकाच तारखेला ब्रशिंग केलेल्या, म्हणजे अंड्यातून निघताच पाल्यावर सोडलेल्या, अंडीपुंजातल्या असाव्यात. बीड-जालन्याकडे आता तुतीचे शेतकरी भरपूर आहेत. एखाद्याशी बोलून ठेवलंत तर चौथा मोल्ट, म्हणजे चौथी कात, कधी बसला, कधी उठला हे तो तुम्हाला तासाच्या हिशोबात सांगेल. अळीच्या अंगावर उझी या परजीवी माशीचा काळा डाग असेल तर ती सोडून द्या, कारण आत परजीवी असताना रक्तपेशींचं प्रमाण बदललेलं असतं. पायाला टोचल्यावर रक्त दुधासारखं आलं तर ग्रासरी हा विषाणूजन्य रोग समजा. त्या विषाणूचे चकाकणारे बहुफलक स्फटिक रक्तपेशींच्या आणि मेदपिंडाच्या केंद्रकांत भरतात आणि कापात केंद्रकाची मूळ रचनाच दिसत नाही.

अख्खी अळी वॅक्समध्ये बसवू नका. आतड्यातल्या तुतीच्या पानांचे तुकडे सुरीला लागून काप चिरतात, आणि फिक्सेटिव्ह जाड क्युटिकलमधून आत पोचायला वेळ लागतो. छातीच्या दोन खंडांची बाजूची भिंत, डिस्कसह, पट्टी म्हणून कापून घ्या. बोइन द्रव चांगला चालतो: पिक्रिक आम्लाचं संपृक्त द्रावण 75 भाग, फॉर्मेलिन 25, ग्लेशियल ॲसेटिक आम्ल 5. एक रात्र पुरते. नंतर 70 टक्के अल्कोहोल पिवळा रंग उतरेपर्यंत बदलत राहा. कोरडं पिक्रिक आम्ल स्फोटक असतं, बाटलीत ते नेहमी पाण्याखाली आहे ना ते पाहून घ्या. पाच मायक्रॉनचे काप पुरेत. महाविद्यालयात रेझिनची सोय असेल तर एक मायक्रॉनचे काप टोल्युइडीन ब्लूनं रंगवा. दाट आणि सैल बेटांतला फरक, केंद्रिका, दाणे हे सगळं त्यात वॅक्सपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतं. मला निवड करायची झाली तर मी वॅक्सची मालिका जागा ठरवण्यासाठी आणि रेझिनचे मोजके काप पेशी वाचण्यासाठी घेईन.

स्मिअरसाठी रक्त काढण्याआधी अळी 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटं बुडवा. नाहीतर ईनोसायटॉइड काचेवर येताच फुटतात, ग्रॅन्युलोसाइट आपले दाणे सोडून देतात, आणि तुम्ही मोजाल ती संख्या खोटी असेल. रक्त काळं पडू नये म्हणून फिनाइलथायोयुरियाचा कणभर वापर करतात. ते विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हात लावू नका. स्मिअर गिम्झा रंगानं रंगवा.

विभाजन दाखवायचं असेल तर नुसत्या हिमॅटॉक्सिलिनवर मोजणी करता येते, पण फॉस्फो-हिस्टोन एच-थ्रीचं, म्हणजे विभाजनाची खूण असलेल्या प्रथिनाचं, प्रतिपिंड मिळालं तर विभाजन करणाऱ्या पेशी चुकणार नाहीत. हिस्टोन प्रथिनं प्राण्यांत फारशी बदललेली नसल्यामुळे हे प्रतिपिंड अनेक कीटकांत चालतं. मोजताना दाट बेटं, सैल बेटं आणि डिस्क यांची संख्या वेगवेगळी लिहा. डिस्कची संख्या बेटांत मिसळली तर सगळा निष्कर्ष वाया जाईल.

आणि जुन्या स्लाइडी टाकून देऊ नका. परिहृदय पेशी म्हणून त्या चांगल्या आहेत. लेबल बदला आणि प्रबंधात छातीच्या कापांशेजारी, त्याच मोठेपणावर, त्याच मोजपट्टीसह छापा. रक्तजनक बेट आणि परिहृदय पेशी एका पानावर शेजारी ठेवलेलं छायाचित्र तुमच्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्यांना नक्की उपयोगी पडेल. आकृतीखाली खंड कोणता, अवस्था कोणती, कात टाकून किती दिवस झाले आणि काप आडवा की उभा, हे चारही लिहा. छातीचे काप तयार झाले की डिस्क आणि बेट दोन्ही एका चौकटीत येतील असं एक छायाचित्र कमी मोठेपणावर आणि तेच ठिकाण ऑइल इमर्शनखाली, असं पाठवा. शेजारच्या कापाचं पी.ए.एस.ही सोबत असू द्या, म्हणजे आवरण आहे की नाही ते सांगता येईल.